मेट्टुपालयम: रॅक रेल्वेच्या पायथ्याच्या स्टेशनात नक्की काय चालतं?

सेलूकर
दिवाळीत परभणी-सेलूकडचे दहा-बारा जण उटीला जायलेत. छोट्या गाडीत मेट्टुपालयमला बसायचं ठरलंय, पण फोटो बघून डोक्यात गोंधळ झालाय. गाडी रुळांमधल्या दात्यांवर चढते म्हणतात, त्यालाच रॅक रेल्वे म्हणे. मग मेट्टुपालयम स्टेशनच्या फोटोत दाते कुठंच का दिसत नाहीत? इंजिन मागच्या बाजूला का? तपोवन एक्स्प्रेसनं मुंबईहून येताना कसारा घाटात मागून इंजिन लावतात, तसलंच का हे? गाडी सारखी रद्द होते म्हणतात, ती कशानं? आणि आपल्याकडून पोचायचं कसं? माथेरानच्या गाडीसारखंच सगळं असेल तर तसं सांगा, म्हणजे विषय संपला.

पूर्णेचा पाना
माथेरानसारखं अजिबात नाही, म्हणून विषय संपत नाही. नेरळ-माथेरान दोन फुटी लाइन आहे, १९०७ची. चढ २० मीटरला १ मीटर, आणि तो सगळा चाकांच्या पकडीवर. दाते एकही नाही. दार्जिलिंग, कालका-शिमला, तिथंही नाहीत. भारतात दात्यांची रेल्वे एकच, ही मेट्टुपालयम-कुन्नूर-उटी, निलगिरीची.

आता तुमचा पहिला प्रश्न. मेट्टुपालयमला दाते दिसत नाहीत, कारण तिथं ते नाहीतच. स्टेशन सुमारे ३२६ मीटर उंचीवर, सपाटीत. तिथून कल्लारपर्यंतचे साधारण ८ किमी गाडी भवानी नदीच्या पुलावरून, सुपारीच्या बागांमधून साध्या रुळांवर जाते. चढ असतो, पण जास्तीत जास्त ४० मीटरला १ मीटरच्या आसपास. कल्लार सुटलं की दाते लागतात ते थेट कुन्नूरपर्यंत. जेमतेम वीस किमीत गाडी सुमारे १,३०० मीटर वर जाते. सरासरी १५ला १, आणि जिथं सगळ्यात तिरकं आहे तिथं १२ला १. कुन्नूरच्या पुढं उटीपर्यंत पुन्हा दाते नाहीत. तिथं २५ला १ चढ चाकांवरच काढतात.

म्हणून एक सूचना आधीच: मेट्टुपालयमचं तिकीट मिळालं नाही की लोक कुन्नूर-उटी तिकीट काढतात आणि रॅक रेल्वेत बसलो म्हणून खूश होतात. डोंगर दिसतो, गाडी छान आहे, पण दात्यांचा टप्पा सगळा कुन्नूरच्या खाली राहिला.

मोंढा नाका
२५ला १ चाकांवर जमतो, २०ला १ माथेरानला जमतो, मग १२ला १ का जमू नये? वाळू टाकायची रुळावर.

पूर्णेचा पाना
हिशोब करून बघा. समजा इंजिन ५० टन आणि डबे मिळून ५० टन. १२ला १ चढावर १०० टनांचा बारावा भाग, म्हणजे ८.३ टन, गाडीला सतत खाली ओढतो. वळणांचं नि चाकांचं घर्षण धरलं की ९च्या पुढं. आता पकड. इंजिनाच्या ५० टनांपैकी चालत्या चाकांवर समजा ४० टन येतात. कोरड्या, स्वच्छ रुळावर पकड वजनाच्या पाव भागाएवढी, म्हणजे १० टन. कागदावर जमलं!

पण तो डोंगर ओला असतो. धुकं, झाडांचा पाला, शेवाळ. ओल्या रुळावर पकड सातव्या-आठव्या भागावर येते, म्हणजे ५ ते ६ टन. वाळूनं थोडं सावरतं, पण घाटभर वाळू टाकत कोण जाणार? आणि वर चढण्यापेक्षा उतरताना थांबणं अवघड. घसरलेलं चाक ब्रेक लावून थांबत नाही, रुळावरून नुसतं सरकतं. दाते मुख्यतः उतरण्यासाठी आहेत असं म्हटलं तरी चालेल.

कसाऱ्याचा चढ ३७ला १ आहे. तोच १०० टनांचा हिशोब तिथं २.७ टन निघतो. फरक तिथंच कळतो.

कसारा बँकर
इंजिनाचा मुद्दा मी घेतो. कसाऱ्याला मागून लावतात ते मदतीचं इंजिन. पुढचं ओढतं, मागचं ढकलतं, इगतपुरीला मागचं सुटतं. मेट्टुपालयमला पुढं काहीच नाही. वाफेचं एकच इंजिन, ते उताराच्या टोकाला, आणि सगळे डबे त्याच्या वरच्या अंगाला. कारण सोपं आहे: दोन डब्यांमधली जोडणी तुटली तर डबे इंजिनावर टेकतात, दरीकडं पळत नाहीत. जगातल्या बहुतेक दात्यांच्या रेल्वेंचा हाच नियम.

चालक मागे आणि पुढचा रस्ता डब्यांनी झाकलेला. म्हणून प्रत्येक डब्याच्या टोकाला उघड्या फळीवर एक ब्रेकवाला उभा असतो. सगळ्यात पुढचा रस्ता बघतो नि मागं खूण करतो, आणि शिट्टीच्या इशाऱ्यावर सगळे आपापला ब्रेक आवळतात किंवा सोडतात. हे लोक शोभेला नाहीत. इंजिनाचा ब्रेक एक, डब्यांचे वेगळे; एक गेला तरी बाकीच्यांनी गाडी धरली पाहिजे.

फोटो काढणाऱ्यांनी ब्रेकवाल्याच्या फळीवर जाऊ नये. ब्रेकला हात लागला तर गाडी धरणारा एक ब्रेक कमी झाला म्हणायचं.

लातूर लाइन
पुढच्या डब्यात बसलं तर धूर कमी लागतो आणि समोरचा रूळ दिसतो, तिकीट काढताना हे लक्षात असू द्या. बाकी तांत्रिक चालू द्या, प्रवासाचं मी नंतर लिहितो.

पूर्णेचा पाना
दाते कसे असतात, तेही सांगतो, नाहीतर कल्लारला खिडकीतून बघून काही कळायचं नाही.

पद्धत अॅब्टची. रोमान अॅब्ट नावाच्या स्विस इंजिनिअरनं काढलेली. रुळांच्या बरोबर मधोमध दोन पोलादी पट्ट्या शेजारी-शेजारी उभ्या, दोन्हींच्या वरच्या कडेला दाते. एका पट्टीचा दाता जिथं, तिथं दुसरीची खाच. इंजिनाखाली दात्यांची चाकंही तशीच जोडीनं, अर्ध्या दात्यानं सरकवलेली. त्यामुळं एक दाता सुटत असतो तेव्हा दुसरा भार धरून असतो. धक्के कमी, आवाज कमी, आणि एखादा दाता मोडला तर दुसरी पट्टी हाताशी असते. पट्ट्यांचे सांधेही एकासमोर एक ठेवत नाहीत, त्याच कारणानं.

पट्ट्या रुळांच्या माथ्यापेक्षा सुमारे ६५ मिमी उंच बसवलेल्या आहेत. का? तर इंजिन साध्या लाइनवर, सांध्यांवरून, फाटकावरून चालतं तेव्हा त्याच्या पोटातली दात्यांची चाकं कशाला घासू नयेत. म्हणजेच मेट्टुपालयमच्या यार्डात तेच इंजिन साध्या इंजिनासारखं बिनधास्त फिरतं.

खरी नाजूक जागा दात्यांत शिरण्याची. पट्टीचा पहिला तुकडा स्प्रिंगवर तरंगता असतो आणि सुरुवातीला दाते बुटके. चालक गाडी माणसाच्या चालीवर आणतो. दाता खाचेत आला तर ठीक, दात्यावर दाता आला तर तुकडा खाली दबतो, चाक किंचित पुढं सरकतं आणि पुढचा दाता खाचेत बसतो. हे जर जोरात केलं तर दात्यांचे शेंडे उडतात. डब्यात बसलेल्याला एक हलकी खटखट आणि मग घरघर, एवढंच जाणवतं. तिथून पुढं वेग ताशी १३ किमीच्या आसपास. साध्या टप्प्यात ३०.

सेलूकर
एकाच इंजिनात साधी चाकं आणि दात्यांची चाकं, दोन्ही कशी फिरवतात? दोन बॉयलर?

पूर्णेचा पाना
बॉयलर एकच. सिलिंडर चार. हे एक्स क्लास इंजिन, स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुरच्या कारखान्याचं. बाजूनं बघितलं की सिलिंडर एकावर एक दिसतात. खालची जोडी साधी चाकं फिरवते, वरची जोडी गिअरमधून दात्यांची चाकं.

मेट्टुपालयम ते कल्लार वाफ फक्त खालच्या जोडीत जाते आणि तिथून धुराड्यातून बाहेर. कल्लारला दात्यांत शिरलं की खालच्या जोडीतून बाहेर पडलेली, अजून जोर शिल्लक असलेली वाफ वरच्या जोडीकडं वळवतात. एकच वाफ दोनदा राबते. गिअरमुळं वरच्या सिलिंडरांचे दांडे खालच्यांपेक्षा भरभर हलतात. मेट्टुपालयमच्या प्लॅटफॉर्मवरून गाडी सुटताना बघा, फक्त खालचे दांडे हलतील. वरचे हलायला लागलेले बघायचे तर घाटातच, वळणावर मान बाहेर न काढता.

उतरताना वाफ लावायची नसते, तेव्हा याच सिलिंडरांना हवा दाबायला लावून गाडी रोखून धरता येते. दाबलेली हवा तापते म्हणून त्यात थोडं पाणी सोडतात. ब्रेकचे ठोकळे सतत घासत आणले तर तापून पकड सोडतात, म्हणून ही युक्ती. ब्रेक मग शेवटच्या थांबण्यापुरते.

जुनी इंजिनं कोळशावरची. २००२पासून काही तेलावर केली, पुढं तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात तेलावरची नवीही बांधली. कुन्नूरच्या वर गाडीला डिझेल इंजिन लागतं.

मोंढा नाका
म्हणजे मेट्टुपालयम हे सगळं सांभाळणारं ठिकाण. शेड तिथंच असेल ना?

कसारा बँकर
इथंच सगळे चुकतात. इंजिनाचं शेड वर, कुन्नूरला. मेट्टुपालयमला डब्यांचं वर्कशॉप आहे. आणि ते बरोबरही आहे. दात्यांचा टप्पा कुन्नूरला संपतो, इंजिनाची खरी झीज त्या टप्प्यात होते, तपासणी तिथंच बरी पडते.

पायथ्याच्या स्टेशनाचं काम वेगळं. पहिलं, गेज बदल, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर बदलतं. कोइमतूरहून येणारी ब्रॉडगेज १८७३ची, ती इथं संपते. समोर मीटरगेज सुरू. आपल्याकडं १९९०च्या दशकाआधी मुंबईची ब्रॉडगेज सोडून मनमाडला औरंगाबादच्या मीटरगेजात सामान हलवावं लागायचं, तेच दृश्य. दुसरं, वजन. किती डबे न्यायचे हे प्रवासी किती आहेत त्यावर ठरत नाही, इंजिन किती ढकलू शकतं त्यावर ठरतं. चार-पाच डबे, बस्स. म्हणून सुट्टीत जास्तीचा डबा जोडा म्हणून कितीही ओरडलं तरी जोडत नाहीत. तिसरं, ब्रेक. प्रत्येक डब्याचा हातब्रेक आवळून-सोडून बघायचा, आणि तो इथंच, सपाटीला. चौथं, पाणी आणि इंधन. टाकी भरून निघायचं, तरी वाटेत पाणी घ्यावं लागतं. हिलग्रोवचा थांबा त्यासाठीच. प्रवाशांना तिथं चहा मिळतो आणि माकडांना प्रवाशांचा खाऊ.

पूर्णेचा पाना
पाण्याबद्दल एक भर. चढावर बॉयलर तिरका होतो, पाणी एका टोकाला जातं. काचेच्या नळीत दिसणारी पातळी मग खरी नसते. भट्टीच्या छतावर पाणी कायम हवं, ते उघडं पडलं की छत तापून मऊ पडतं. सुरक्षेसाठी तिथं शिशाची गुडदी असते, ती वितळून वाफ भट्टीत शिरते आणि आग विझते. पण तेवढ्यावर येऊ देणं म्हणजे गाडी घाटातच अडकली. वेल्समधल्या स्नोडनच्या दात्यांच्या रेल्वेत इंजिनांचे बॉयलर तर बांधतानाच पुढं झुकवून बांधलेत, चढावर ते सपाट व्हावेत म्हणून.

दुधना काठ
मग गाडी बंद का पडते, ते राहिलंच.

पूर्णेचा पाना
बंद पडणं आणि रद्द होणं वेगळं.

वाटेत थांबते ती बहुधा वाफेपायी. दाब उतरला तर चालक उगाच रेटत नाही. ब्रेक लावून उभा राहतो, दाब चढला की निघतो. तेलाच्या इंजिनात बर्नरचं तोंड कचऱ्यानं बुजतं, ज्योत नीट फाकत नाही, काळा धूर येतो आणि वाफ कमी पडते. कोळशात राख साचून हवा अडते. बॉयलरची एखादी नळी गळायला लागली तर मात्र दुसरं इंजिन येईपर्यंत बसा.

दुसरं कारण दात्यांमधला कचरा. दोन पट्ट्यांच्या फटीत नि खाचांत दगड, माती, फांदी अडकली की दात्याचं चाक त्यावर चढू पाहतं. चाक खाचेतून उचललं गेलं तर गाडीची खरी पकड गेली. म्हणून गाडीआधी गँगमन लाइन बघून येतात. पट्ट्यांचे सांधेही तपासावे लागतात. रूळ-पट्ट्या हळूहळू उताराकडं सरकतात, आणि सांध्यावरचं अंतर वाढलं तर दोन दात्यांमधलं माप चुकतं. साध्या रुळाच्या सांध्यात फट पडली तर नुसतं खडखडतं, इथं दाता खाचेत बसत नाही.

कसारा बँकर
चाक दात्यांवरून उचललं तर काय होतं याचं उदाहरण त्याच स्नोडनचं. पद्धत तीच, अॅब्टची. ६ एप्रिल १८९६ला, उद्घाटनाच्याच दिवशी, खाली उतरणारं लाडास नावाचं पहिल्या नंबरचं इंजिन दात्यांवरून सुटलं. खालची जमीन बसल्यानं लाइन हललेली होती. चालक आणि त्याचा जोडीदार उडी मारून वाचले, इंजिन दरीत गेलं. डबे मात्र इंजिनाला जोडलेलेच नव्हते, नुसते टेकलेले. ते स्वतःच्या ब्रेकवर थांबले. जो एक प्रवासी गेला त्यानं घाबरून बाहेर उडी घेतली होती. नंतर तिथं दात्यांच्या बाजूनं पकडीची लोखंडी पट्टी बसवली, इंजिनाचा आकडा तिच्याखाली अडकतो आणि चाक वर उचलूच देत नाही.

म्हणजे गाडी अचानक थांबली तर आत बसून राहायचं. खाली उतरून बघायला जायचं नाही, हे लहान पोरांना आधी सांगा.

मोंढा नाका
स्वित्झर्लंडमधल्या पिलाटसच्या दात्यांच्या रेल्वेचा चढ ४८ टक्के आहे म्हणतात. तिथं कसं सुटत नाही?

पूर्णेचा पाना
तिथले दाते उभे नाहीत, आडवे. पट्टीच्या दोन्ही बाजूंना दाते आणि दोन आडवी चाकं तिला दोन्हींकडून चिमटीत धरतात. लोखर नावाच्या इंजिनिअरची पद्धत, १८८९. एवढ्या चढावर उभे दाते असते तर चाक स्वतःच वर चढून बाहेर आलं असतं. आपल्या १२ला १ म्हणजे सव्वाआठ टक्क्यांना त्याची गरज नाही.

लातूर लाइन
आता प्रवासाचं. सेलूकर, तुमची मोठी अडचण गाडी नाही, दिवाळी आहे.

आपल्या डोक्यात पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर. दिवाळीला आपल्याकडं सोयाबीन घरात आलेलं असतं. निलगिरीच्या त्या पूर्व उतारावर पावसाचा जोर ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येच्या मान्सूनचा. कल्लार-कुन्नूर टप्प्यात दरड, झाडं आणि चिखल दात्यांवर येतो तो ह्याच दिवसांत, आणि मग गाडी एक दिवस ते कित्येक दिवस रद्द. रेल्वेनं गाडी रद्द केली तर ई-तिकिटाचे पूर्ण पैसे आपोआप परत येतात, पण हॉटेलचे येत नाहीत. दिवस हलवता येत असतील तर जानेवारी-फेब्रुवारी धरा. हलवता येत नसतील तर पोचायच्या आदल्या दिवशी गाडीची स्थिती बघा आणि पर्याय म्हणून मेट्टुपालयम-कुन्नूर एसटी मनात ठेवा (तिकडची सरकारी बस, सवयीनं एसटी लिहिलं). घाटात १४ मोठी वळणं आहेत, गाडी लागणाऱ्यांनी गोळी घेऊन बसावं.

तिकीट ६० दिवस आधी उघडतं. डबे चार-पाच म्हटल्यावर जागा किती असणार? सकाळी आठला बुकिंगला बसायचं आणि दहा-बारा जणांचं एकाच वेळी मिळालं नाही तर दोन गटांत काढायचं. वेटिंगवर भरवसा ठेवू नका, चार्ट झाला की वेटिंगचं ई-तिकीट आपोआप रद्द होतं. चढताना नाही मिळालं तर उतरतानाचं बघा. उटीहून दुपारी २ला सुटते, साडेतीन तासांच्या आसपास खाली. चढायला मात्र पावणेपाच-पाच तास.

पोचणं. परभणी-सेलूहून रात्रीच्या गाडीनं सिकंदराबाद. तिथून दुपारची शबरी एक्स्प्रेस, दुसऱ्या सकाळी कोइमतूर. लातूर-धाराशिवकडच्यांनी कुर्डुवाडी किंवा सोलापूरला जाऊन लोकमान्य टिळक टर्मिनस-कोइमतूर पकडावी, थेट पडते. छोटी गाडी मेट्टुपालयमहून ७.१०ला सुटते, त्यामुळं ज्या दिवशी कोइमतूरला पोचाल त्याच दिवशी ती मिळणार नाही. एक मुक्काम धराच. कोइमतूरला राहिलात तर पहाटे पाचच्या सुमाराला चेन्नईहून येणारी निलगिरी एक्स्प्रेस तिथून जाते, ती सव्वासहाच्या आसपास मेट्टुपालयमला आणून सोडते. मेट्टुपालयमलाच राहिलात तर झोप जास्त. म्हातारी माणसं सोबत असतील तर तेच करा. वेळा सुटायच्या आधी अॅपवर एकदा ताडून घ्या.

दुधना काठ
आम्ही जालन्याहून स्वतःची क्रूझर घेऊन निघायचं म्हणतोय. खाली लावून छोट्या रेल्वेनं वर जाऊ.

लातूर लाइन
खालीच लावणार असाल तर प्रश्न नाही. क्रूझर वर न्यायची असेल तर मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं मे २०२४पासून निलगिरी जिल्ह्यात बाहेरच्या खासगी वाहनांना ई-पास लागतो, आणि पुढं रोजच्या गाड्यांची संख्याही बांधून दिली आहे. नाक्यावर जाऊन काढू म्हणू नका, निघायच्या आधी ऑनलाइन काढा. रेल्वे आणि सरकारी बसला पास लागत नाही. ड्रायव्हरला खाली ठेवणार असाल तर त्याच्या मुक्कामाचंही बघा, गाडी सकाळी जाऊन त्याच दिवशी संध्याकाळी परत येते हे खरं, पण तुम्ही उटीला दोन तास थांबून परत थोडेच येणार.

सेलूकर
जानेवारीचं करायलोत. शेवटचं विचारतो: सामान किती चालेल? बायकांच्या मोठ्या बॅगा आहेत.

कसारा बँकर
डबे बुटके, बाकांखाली जागा थोडी. मोठी बॅग दोन माणसांच्या पायांत येते आणि पाच तास तशीच राहते. माणशी एक पाठीवरची पिशवी, बाकीचं कोइमतूरच्या क्लोकरूमला कुलूप लावून. स्वेटर मात्र त्याच पिशवीत वर ठेवा, मेट्टुपालयमला घाम येत असतो आणि कुन्नूरला कुडकुडायला होतं. एकदाच वापरायच्या प्लास्टिकला निलगिरीत बंदी आहे, पाण्याच्या बाटल्या स्टीलच्या न्या. संडासाचं मेट्टुपालयमलाच उरकून घ्या, घाटात गाडी थांबेल तिथं सोय असेलच असं नाही.

सेलूकर
बॅगांचं घरी सांगतो. भांडण होणार.